मंत्र लिहिल्याइतकेच करतो का? भूमिकाखेळांतील जादूच्या नियमांचा अर्थ लावताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रथमच पाहणाऱ्याला तो खेळ आहे असे वाटतच नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात; समोर कागद, पेन्सिली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे. त्यांतला एक जण ‘डंजन मास्टर’. तो प्रसंग सांगतो, राक्षसांपासून भटियारखान्याच्या मालकापर्यंत सगळ्यांची सोंगे वठवतो आणि पंचाचे कामही तोच करतो. उरलेले प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. बोलणे हीच इथली चाल. ‘मी दार उघडते’ म्हटले की दार उघडते. उघडेल की नाही याची शंका असेल तर फासा पडतो.

अशा खेळात तलवारीवरून भांडणे फारशी होत नाहीत. फाशावरचा अंक, त्यात पात्राचे बळ, समोरच्याच्या चिलखताचा अंक. बेरीज त्या अंकाइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. मंत्रांचे तसे नाही. प्रत्येक मंत्र म्हणजे गद्याचा एक परिच्छेद असतो, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये असे साडेतीनशेहून अधिक परिच्छेद आहेत. गद्य आले की अर्थ लावणे आले, आणि अर्थ लावणे आले की मतभेद आलेच. दोन-दोन वर्षे दर आठवड्याला जोपासलेले पात्र ‘लक्ष्य’, ‘दिसणे’ किंवा ‘वाजवी’ अशा एखाद्या शब्दाच्या अर्थावर जगते किंवा मरते. बाहेरच्याला यात हसू येईल. टेबलावर बसलेल्याला येत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातील जादूची कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतलेली आहे. व्हॅन्सचे जादूगार मंत्र पाठ करून डोक्यात साठवतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मृतीतून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची. गायगॅक्सने हे उसने घेतले आणि ऋणही मान्य केले. या खेळातला ‘वेक्ना’ हा कुप्रसिद्ध मृत मांत्रिक, जो पुढे ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे खेळ न खेळणाऱ्यांनाही माहीत झाला, त्याचे नाव रोमन लिपीतल्या व्हॅन्स या नावाचीच अक्षरे उलटसुलट करून बनले आहे.

पण कादंबरीत जे सुंदर असते ते नियमात बसवताना अडते. १९७४ च्या पुस्तिकेत एकदा वापरलेला मंत्र त्याच दिवशी पुन्हा वापरता येत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्याचे दोन अर्थ निघाले. एक, तोच मंत्र सकाळी दोनदा पाठ केला असेल तर दोनदा टाकता येईल, फक्त प्रत्येक साठवलेली प्रत एकदाच वापरायची. दुसरा, मंत्र कितीही वेळा पाठ करा, दिवसातून एकदाच. पहिल्या अर्थाचा जादूगार तीन वेळा शत्रूंना झोपवू शकतो, दुसऱ्याचा एकदाच; म्हणजे एका वाक्याच्या वाचनावर दोन गावांत दोन वेगळे खेळ खेळले जात होते. पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीने तोच मंत्र एकाहून अधिक वेळा पाठ करता येतो असे स्पष्ट केले. वाद पुस्तकातून सुटला. टेबलावरचा सुटायला अर्थातच आणखी काही वर्षे गेली असणार.

नेमकेपणाने लिहिले म्हणजे वाद संपतात, हा भ्रम ‘फायरबॉल’ या मंत्राने दूर होतो. २० फूट त्रिज्येचा अग्नीचा गोल, आत सापडलेल्या सर्वांना इजा. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ने मात्र असेही सांगितले की हा स्फोट हवेचा दाब निर्माण करत नाही, पण जागेचा आकार घेतो आणि साधारण ३३,००० घनफूट जागा भरून काढतो. आकडा चुकलेला नाही. २० फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ तेवढेच भरते. पण आता हाच मंत्र दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात टाकला तर? भुयाराचा छेद १०० चौरस फूट, म्हणजे आग ३३० फूट लांब पसरणार, दोन्ही दिशांना १६५ फूट. शंभर फुटांवरच्या शत्रूवर नेम धरणारा जादूगार स्वतःसह सगळ्या सोबत्यांना भाजून काढणार. नियम शब्दशः पाळणाऱ्या डंजन मास्टरने खेळाडूंना भूमिती शिकवली, असे म्हणायला हरकत नाही. तिसऱ्या आवृत्तीने, २००० साली, हे घनफळाचे गणित काढून टाकले. आग कोपऱ्यांभोवती वळते, पण वीस फुटांपलीकडे जात नाही. खेळ सोपा झाला. भुयारात मंत्र टाकण्यापूर्वी पोटात येणारा गोळा मात्र गेला.

आजच्या आवृत्तीत अर्थ लावण्याची काही सूत्रे रूढ झाली आहेत. पहिले पुस्तकातच आहे: सामान्य नियम आणि विशेष नियम यांत विरोध आला तर विशेष नियम बलवान. संस्कृत व्याकरणाची तोंडओळख असलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. पाणिनीच्या परंपरेत उत्सर्ग आणि अपवाद यांचे नाते असेच आहे. न्यायालयेही कायद्याचा अर्थ लावताना याच सूत्राचा आधार घेतात. दुसरे सूत्र जास्त कडक आहे: मंत्र तेवढेच करतो जेवढे त्याच्या वर्णनात लिहिले आहे. अग्नीचा गोल वस्तू पेटवतो असे लिहिले आहे म्हणून तो पेटवतो; तो माणसाला मागे ढकलतो असे लिहिलेले नाही म्हणून तो ढकलत नाही, मग खऱ्या स्फोटाबद्दल पदार्थविज्ञान काहीही सांगो.

या दुसऱ्या सूत्राची गरज का पडली, हे पाणी निर्माण करण्याच्या साध्या मंत्रावरून कळते. पहिल्या पातळीचा हा मंत्र तहानलेल्या प्रवाशांसाठी आहे. पण प्रत्येक पिढीतल्या कुणा ना कुणा खेळाडूला एक कल्पना सुचतेच: हे पाणी शत्रूच्या फुप्फुसांत निर्माण केले तर? तिसऱ्या आवृत्तीने यावर सरळ बंदी घातली होती. पदार्थ निर्माण करणारे मंत्र सजीवाच्या शरीरात काही निर्माण करू शकत नाहीत, असे एक सर्वसाधारण कलम तिथे होते. २०१४ च्या पुस्तकात ते कलम नाही. तिथे इतकेच म्हटले आहे की दहा गॅलनपर्यंत पाणी ‘उघड्या भांड्यात’ निर्माण होते. मग तोंड उघडे असलेला माणूस उघडे भांडे ठरतो का? अशा प्रश्नाला व्याकरणाने उत्तर देत बसू नये. पहिल्या पातळीच्या मंत्राने कुणालाही ठार करता आले असते तर वरच्या पातळ्यांवरचे निम्मे प्राणघातक मंत्र लिहिण्याचे कारणच उरले नसते. एका नियमाचा अर्थ लावताना बाकीचे नियम निरर्थक होऊ नयेत, ही कसोटी इथे पुरेशी आहे.

उलट, शब्द फार काटेकोर धरल्यानेही विपरीत घडते. ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा वॉरलॉक वर्गाचा हुकमी मंत्र. २०१४ च्या शब्दांनुसार त्याचा झोत ‘प्राण्या’वर सोडता येतो, वस्तूचा उल्लेखच नाही. म्हणजे समोरचे कुजके दार या झोताने फोडता येणार नाही. त्यातून एक गमतीदार पळवाट निघाली. या खेळात ‘मिमिक’ नावाचा राक्षस पेटीचे रूप घेऊन बसतो आणि पेटी उघडायला जाणाऱ्याला गिळतो. मग चाणाक्ष वॉरलॉकने प्रत्येक पेटीवर झोत सोडायचा: सुटला तर पेटी जिवंत आहे, सुटला नाही तर निर्जीव! नियमाची भाषा पात्राच्या जगातले ज्ञान बनते, ते हे असे. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने ‘प्राणी किंवा वस्तू’ असे लिहून हा मार्ग बंद केला.

सर्वांत लांबलेला वाद मात्र एका वळीत किती मंत्र टाकता येतात याचा आहे. लढाईतल्या सहा सेकंदांच्या फेरीत प्रत्येकाची एक वळी येते. तिच्यात एक मुख्य कृती, काही मंत्रांना लागणारी एक झटपट ‘बोनस’ कृती, आणि दुसऱ्याच्या हालचालीला उत्तर म्हणून फेरीतून एकदा ‘रिॲक्शन’, असा हिशेब असतो. २०१४ चा नियम सांगतो: बोनस कृतीने मंत्र टाकलात तर त्याच वळीत दुसरा मंत्र टाकता येणार नाही, अपवाद एकच, मुख्य कृतीने टाकायचा बिनखर्ची छोटा मंत्र, ज्याला ‘कॅन्ट्रिप’ म्हणतात.

बहुतेक टेबलांनी हा नियम ‘एका वळीत एकच मोठा मंत्र’ असा लक्षात ठेवला. तो तसा नाही. ‘मिस्टी स्टेप’ने तीस फूट दूर प्रकट झालेल्या जादूगाराला अग्निगोल टाकता येत नाही, हे दोन्ही वाचनांत सारखेच. पण ज्या योद्ध्याला ‘ॲक्शन सर्ज’मुळे दुसरी मुख्य कृती मिळते आणि जादूही येते, तो एका वळीत दोन अग्निगोल टाकू शकतो, कारण त्याने बोनस कृतीला हातच लावलेला नाही. उलटपक्षी, बोनस कृतीने काठी मंतरण्याचा ‘शिलेले’ हा किरकोळ कॅन्ट्रिप वापरणाऱ्या ड्रुइडला त्या वळीत पहिल्या पातळीचाही मंत्र बंद. दोन महाभयंकर स्फोट चालतात, पण मंतरलेली काठी आणि जखमेवरचा मलम एकत्र चालत नाहीत.

याच नियमात ‘काउंटरस्पेल’ची गाठ आहे. कुणी मंत्र टाकत असताना रिॲक्शनने तो निष्फळ करणारा हा मंत्र. एकाने मुख्य कृतीने अग्निगोल टाकला, शत्रूने तो रोखू पाहिला, तर पहिल्याला स्वतःच्याच वळीत शत्रूचा अडथळा रोखता येईल का? २०१४ च्या शब्दांनुसार येईल. बोनस कृती झालेली नसल्याने बंदी लागूच होत नाही. तीच बंदी ‘मिस्टी स्टेप’ वापरल्यावर मात्र लागू होते. शिवाय २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड’ने आणखी एक पेच घातला. समोरचा कोणता मंत्र म्हणतो आहे हे ओळखायला रिॲक्शन खर्चावी लागते, असा ऐच्छिक नियम तिथे आला. आणि ‘काउंटरस्पेल’लाही रिॲक्शनच लागते. म्हणजे जो ओळखतो तो रोखू शकत नाही आणि जो रोखतो त्याला आपण काय रोखले ते माहीत नसते. मग एका सोबत्याने ओळखून ओरडायचे आणि दुसऱ्याने रोखायचे, अशी युक्ती निघाली. सहा सेकंदांच्या फेरीत, तेही मंत्र पुरा होण्याआधी, एवढी बातचीत मावते का, हा प्रश्न प्रत्येक टेबलाने आपापल्या धीराप्रमाणे सोडवला.

२०२४ च्या पुस्तकाने सगळे पुसून एकच ओळ लिहिली: एका वळीत मंत्र टाकण्यासाठी एकच ‘स्पेल स्लॉट’ खर्च करता येतो. स्लॉट म्हणजे दिवसभराच्या मंत्रशक्तीचा एक ठरावीक वाटा. बारकाईने पाहिले तर लोकांनी दहा वर्षे जो चुकीचा अर्थ उराशी धरला होता, तोच जवळजवळ नियम झाला. भाषेतही असे होते. पुरेशा लोकांनी पुरेशी वर्षे चूक केली की ती शुद्ध ठरते. योद्ध्याच्या जास्तीच्या कृतीतूनही मंत्रप्रयोग वगळण्यात आला. नव्या ओळीला तिच्या फटी आहेतच: मंतरलेल्या छडीतून निघालेला अग्निगोल स्लॉट खर्चत नाही, त्यामुळे छडी आणि ‘मिस्टी स्टेप’ एकाच वळीत बसतात. पण ही फट निदान डोळ्यांना दिसते.

काही नियम नुसतेच विनोदी आहेत. क्लेरिक म्हणजे देवतेच्या कृपेने मंत्र टाकणारा पुरोहित-योद्धा. त्याच्या एका हातात गदा, दुसऱ्या हातात देवतेचे चिन्ह कोरलेली ढाल. ज्या मंत्राला हातवारे आणि साहित्य दोन्ही लागतात तो त्याला ढालीच्या हातानेच टाकता येतो, कारण चिन्ह हेच साहित्य आणि साहित्याचा हातच हातवारे करू शकतो. पण ज्याला फक्त हातवारे लागतात, साहित्य लागत नाही, त्यासाठी हात पूर्ण मोकळा हवा. परिणामी जखम भरून काढण्याच्या साध्या मंत्रासाठी भर लढाईत गदा खोचून ठेवावी लागते. कमी साहित्याचा मंत्र अधिक अवघड! पुष्कळ टेबले हा नियम सोडून देतात आणि त्यात काही बिघडत नाही.

अदृश्यतेचेही असेच झाले होते. २०१४ च्या पुस्तकात अदृश्य प्राण्यावरील हल्ला अडचणीचा होतो, असे स्वतंत्र कलम होते. ‘कारण तो दिसत नाही’ हे शब्द त्यात नव्हते. म्हणून अदृश्य गोष्टी दिसू लागण्याचा मंत्र टाकूनही, समोरचा लख्ख दिसत असूनही, शब्दशः वाचनात हल्ला तितकाच अवघड राहात होता. २०२४ मध्ये, ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळत नाही, असे लिहून ही चूक दुरुस्त झाली.

सगळीच संदिग्धता दुरुस्त करण्याजोगी असते असे मात्र नाही. ‘सजेशन’ हा मंत्र समोरच्याच्या मनात एखादी सूचना रुजवतो. २०१४ मध्ये अट होती की ती सूचना ‘वाजवी वाटेल’ अशा शब्दांत मांडली पाहिजे. उदाहरण होते, एखाद्या सरदार स्त्रीने वाटेत भेटणाऱ्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाऊ घोडा देऊन टाकावा. घोडा दान करणे वाजवी, मग किल्ल्याची किल्ली देणे वाजवी का? पहारा सोडून घरी जाणे? इथे खेळाडूला खरोखर वकिली करावी लागे, पहारेकऱ्याच्या घरी आजारी आई आहे हे आठवून त्याभोवती वाक्य गुंफावे लागे. २०२४ ने ‘वाजवी’ काढून सूचना साध्य होण्याजोगी हवी आणि तिच्यात त्याला किंवा त्याच्या सोबत्यांना उघड इजा नसावी, असे लिहिले. शिवाय पंचवीस शब्दांची मर्यादा घातली. वाद कमी झाले हे खरे. पण वाजवी म्हणजे काय यावरची घासाघीस हाच त्या मंत्राचा आत्मा होता, आणि तो या दुरुस्तीत बराचसा हरवला.

शेवटी निवाडा कुणाचा? १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाच्या वृत्तीला वरचे स्थान दिले होते. तरी त्याच साली ‘ड्रॅगन’ मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे ‘सेज ॲडव्हाइस’ हे सदर सुरू करावे लागले. पाचव्या आवृत्तीच्या काळात हे सदर जेरेमी क्रॉफर्ड यांनी चालवले आणि तीन दृष्टी वेगळ्या केल्या: नियम लिहिला आहे तसा, लिहिणाऱ्याच्या मनात होता तसा, आणि टेबलावर मजा येईल तसा. तिन्हींत अंतर पडले तर निर्णय डंजन मास्टरचा.

हे अंतर कधी जिवावर बेतते. बेशुद्ध पडलेल्या पात्राला नवी इजा झाली की मृत्यूच्या फाशांतले एक अपयश आपोआप लागते. तीन अपयशे म्हणजे मृत्यू. आता शत्रूने त्या पडलेल्या पात्रावर ‘मॅजिक मिसाइल’ सोडला. तीन बाण, नेम न चुकणारे, आणि वर्णनानुसार एकाच क्षणी लागणारे. ही एक इजा की तीन? एक म्हटली तर सोबत्यांना धावत जाऊन वाचवायला वेळ आहे. तीन म्हटल्या तर पात्र तिथेच संपले. ‘एकाच क्षणी’ हे शब्द एका बाजूला ओढतात, ‘प्रत्येक बाण’ हे दुसऱ्या बाजूला. जाणता डंजन मास्टर आपला अर्थ मोहिमेच्या आरंभीच सांगून ठेवतो. ऐन प्रसंगी दिलेला निर्णय, तो कितीही बरोबर असो, समोरच्या खेळाडूला आपल्याविरुद्ध दिलेला वाटतो.

संगणकावर हा पेच उद्भवत नाही. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकखेळ याच नियमांवर बेतलेला आहे. त्याच्या निर्मात्यांनी बोनस कृतीची बंदी ठेवलीच नाही, आणि प्रोग्रॅमशी वाद घालता येत नसल्याने प्रश्न मिटला. मात्र तिथून टेबलावर आलेल्या नव्या खेळाडूंना ‘मिस्टी स्टेप’नंतर अग्निगोल चालत नाही हे पटवणे, हे नवे काम डंजन मास्टरांच्या मागे लागले.

मराठी वाचकाशी या सगळ्याचा एक थेट संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, आणि २०२५ मध्ये सुधारित नियमांचाही, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. मूळ श्रेय नोंदवून कुणीही त्यांचे मराठी भाषांतर करू आणि छापू शकतो. भाषांतर करणाऱ्यासमोर मात्र वरचे सगळे वाद नव्याने उभे राहतील. २०१४ च्या इंग्रजीत ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘अटॅक विथ अ मेली वेपन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; रिकाम्या हाताचा ठोसा पहिल्यात बसतो, दुसऱ्यात नाही, आणि काही लाभ मिळतात की नाही ते त्यावर ठरते. मराठीत दोन्हींना ‘जवळच्या शस्त्राचा वार’ म्हटले की भेदच नाहीसा होतो. ‘सजेशन’च्या पंचवीस शब्दांचे तर वेगळेच. इंग्रजीत ‘फ्रॉम युअर हॉर्स’ हे तीन शब्द, मराठीत ‘घोड्यावरून’ हा एक. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटत असल्याने पंचवीस मराठी शब्दांत पहारेकऱ्याला घोडा, किल्ली आणि घरची वाट, तिन्ही सांगून होतात. ती मर्यादा तशीच ठेवायची की अठरा-वीसवर आणायची, हे भाषांतरकाराला ठरवावे लागेल, आणि मराठीतला पहिला वाद बहुधा तिथेच सुरू होईल.